एआयला उत्तर मागू नका, त्याला परीक्षक करा

जुलै २०२५ मध्ये एअरटेलने आपल्या ग्राहकांना परप्लेक्सिटी या एआय अ‍ॅपची ‘प्रो’ वर्गणी वर्षभर फुकट दिली. ऑक्टोबर संपता संपता जिओने गूगलच्या जेमिनी या एआयची अठरा महिन्यांची वर्गणी माफ केली, तीही सुरुवातीला १८ ते २५ वयाच्या मुलांना. ४ नोव्हेंबरपासून ओपनएआयने भारतात चॅटजीपीटी गो वर्षभरासाठी मोफत खुलं केलं. चार महिन्यांत एआय रिचार्जसोबत घरात आलं आणि दहावी-बारावीच्या घरांत एकच प्रश्न घोळू लागला: याने पोर हुशार होईल की आयतोबा?

दोन्ही होऊ शकतं. अ‍ॅप तेच, धडा तोच, मुलगीही तीच. फरक पडतो तो क्रमाने. आधी तिने डोकं चालवलं आणि मग यंत्राने, तर अभ्यास होतो. आधी यंत्राने चालवलं, तर होतं ते फक्त वाचन. हे असं का, ते समजायला यंत्राच्या पोटात थोडं डोकवावं लागेल, आणि थोडं आपल्या डोक्यातही.

हे यंत्र नक्की करतं काय

चॅटजीपीटी, जेमिनी, क्लॉड ही सगळी एकाच जातीची यंत्रं आहेत. अफाट मजकूर चाळून ती मुख्यतः एक गोष्ट शिकलेली असतात: इथवरच्या मजकुरापुढे कोणता तुकडा येण्याची शक्यता सगळ्यात जास्त? या तुकड्याला टोकन म्हणतात. कधी तो अख्खा शब्द असतो, कधी शब्दाचा कपटा. नंतर माणसं त्या यंत्राला वळण लावतात, सभ्य करतात, पण पाया हाच राहतो.

त्याला सांगा, ‘आळसावर तुकोबांचा एक अभंग दे.’ अभंगाच्या शेवटी ‘तुका म्हणे’ येतं, हे त्याला हजारदा पाहून पाठ झालेलं आहे. मग ते चार ओळी अशा जुळवू शकतं की त्या कानाला अस्सल वाटाव्यात आणि छापील गाथेत कुठेच सापडू नयेत. फसवण्याचा हेतू त्यात नसतो. ‘तुका म्हणे’ नंतर काय शोभेल, एवढंच त्याने पाहिलेलं असतं. तज्ज्ञ याला हॅलुसिनेशन म्हणतात. आपण थाप म्हणू.

थाप कुठे जास्त बसते, याचा अंदाज त्यावरून बांधता येतो. प्रकाशसंश्लेषण, न्यूटनचे नियम, पायथागोरसचं प्रमेय यांवर जगभर इतकं लिहिलेलं आहे की तिथे यंत्र सहसा घसरत नाही. संतांची वचनं, स्थानिक इतिहासातल्या सनावळ्या, ‘पाठ्यपुस्तकाच्या अमुक पानावर काय आहे’ असले प्रश्न आले की सावध राहायचं. वृत्त ओळखायला दिलं तर लघु-गुरू मोजताना ते बऱ्याचदा गडबडतं, कारण त्याला अक्षरं दिसत नाहीत, टोकन दिसतात. मात्रा बोटांवरच मोजलेल्या बऱ्या.

‘समजलं’ आणि ‘आलं’ यांतली दरी

गाइडमधलं उत्तर वाचून ‘अरे, हे तर सोपं आहे’ असं वाटणं आणि कोरा कागद समोर आला की पेन न हलणं, हा अनुभव नवा नाही. एआय म्हणजे कधीही न थकणारं, गोड बोलणारं गाइड. त्यामुळे ही दरी बुजत नाही, उलट जास्त रुंद होते.

अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिके या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांच्या एका गटाने एक उतारा चार सत्रं वाचला. दुसऱ्या गटाने एकच सत्र वाचला आणि पुढची तीन सत्रं न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा चारदा वाचणारे पुढे होते, ८३ टक्के विरुद्ध ७१. आठवड्याने घेतली तेव्हा चित्र उलटलं: वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवलं, आठवून लिहिणाऱ्यांना ६१ टक्के. हे आकडे भिंतीवर चिकटवण्यासारखे आहेत. आपल्याला ‘झालं पाठ’ असं वाटतं ते पाच मिनिटांच्या चाचणीवरून, आणि बोर्डाची परीक्षा पाच मिनिटांनी नसते.

दुसरा प्रयोग थेट एआयवरचा आहे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी तुर्कस्तानातल्या एका शाळेत नववी ते अकरावीच्या सुमारे १,००० मुलांचे तीन गट केले. एका गटाला गणिताच्या सरावात साधं चॅटजीपीटीसारखं साधन दिलं, दुसऱ्याला उत्तर न देता फक्त इशारे देणारं, तिसऱ्याला नुसतं पुस्तक आणि वही. सरावात पहिल्या गटाचे गुण पुस्तकवाल्यांपेक्षा ४८ टक्क्यांनी वाढले, दुसऱ्याचे १२७ टक्क्यांनी. मग साधन काढून घेतलं आणि परीक्षा घेतली. पहिला गट पुस्तकवाल्यांच्या १७ टक्के मागे पडला. इशारेवाला गट पुस्तकवाल्यांच्या बरोबरीने राहिला. म्हणजे इशाऱ्यांनी नुकसान टाळलं, पण परीक्षेत फायदाही दाखवला नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. दुसऱ्याने जोर मारले की आपले दंड फुगत नाहीत. इशारे मिळाले म्हणजे निदान जोर आपणच मारतो. ते किती आणि कसे मारायचे, हा पुढचा भाग.

एका धड्याचा एक तास

दहावीच्या विज्ञान भाग १ मधला ‘भिंगे व त्यांचे उपयोग’ हा धडा घेऊ. पहिली वीस मिनिटं फोन दुसऱ्या खोलीत आणि पुस्तक हातात. सारांशही मागायचा नाही. धड्याचा सारांश काढणं हाच अभ्यास आहे आणि तो यंत्राला देऊन टाकला तर आपल्या वाट्याला फक्त साल उरतं.

मग पुस्तक मिटायचं आणि कोऱ्या पानावर आठवेल ते सगळं दहा मिनिटं लिहायचं. आकृती, सूत्र, चिन्हांचे संकेत, जे येईल ते. हे पान विस्कळीत होणारच, होऊ द्या.

आता फोन. आपण लिहिलेल्या पानाचा आणि पुस्तकातल्या त्या भागाचा फोटो द्यायचा आणि लिहायचं: ‘पहिला फोटो मी न बघता लिहिलेला आहे, दुसरा पुस्तकातला. पुस्तकात आहे पण माझ्याकडून सुटलं, आणि मी चुकीचं लिहिलं, अशा दोन याद्या कर. पुस्तकाबाहेरचं काही घालू नकोस.’ शेवटचं वाक्य महत्त्वाचं. ते नसलं तर यंत्र उत्साहाच्या भरात बारावीचा प्रकाश शिकवायला लागतं.

त्यानंतर परीक्षा: ‘याच भागावर मला सहा प्रश्न विचार. एका वेळी एकच. मी उत्तर दिल्याशिवाय पुढचा विचारू नकोस. चुकलो तर उत्तर सांगू नकोस, एक इशारा दे. दुसऱ्यांदाही चुकलो तरच समजाव.’ ‘एका वेळी एकच’ असं बजावलं नाही तर सहा प्रश्न आणि सहा उत्तरं एकाच दमात येतात आणि डोळा आपोआप उत्तराकडे घसरतो. ओपनएआयने २९ जुलै २०२५ ला चॅटजीपीटीत ‘स्टडी मोड’ आणला, पाठोपाठ गूगलने जेमिनीत ‘गाइडेड लर्निंग’. दोन्ही साधारण असंच वागतात, उत्तराऐवजी प्रश्न टाकतात. पण त्यांना कुलूप नाही. कंटाळा आला की एका टिचकीत बंद करता येतात, आणि कंटाळा येतोच.

गणित अडलं तर

बहिर्वक्र भिंगाचं नाभीय अंतर २० सेमी आहे. ५ सेमी उंचीची वस्तू भिंगापासून ३० सेमीवर ठेवली. प्रतिमा कुठे, केवढी, कशी?

सूत्र: १/व्ही − १/यू = १/एफ. व्ही म्हणजे प्रतिमेचं भिंगापासूनचं अंतर, यू वस्तूचं, आणि एफ नाभीय अंतर. मुलगा यूची किंमत ३० घालतो, व्ही १२ सेमी काढतो, विशालन (प्रतिमा वस्तूच्या किती पट) ०.४ येतं आणि तो ‘सुलटी, लहान प्रतिमा’ असं लिहून मोकळा होतो. अशा वेळी ‘हे सोडवून दे’ म्हटलं की यंत्र सुबक सात ओळी लिहून देईल. पोरगं मान डोलावेल आणि पुढच्या गणितात तीच चूक करेल.

त्याऐवजी स्वतःच्या पायऱ्या ओळ क्रमांकासकट टाइप करायच्या आणि विचारायचं: ‘मी कोणत्या ओळीत घसरलो, तेवढा क्रमांक सांग. दुरुस्त करू नकोस.’ ओळ २ असं उत्तर आलं की शोध आपला. वस्तू भिंगाच्या डावीकडे आहे, म्हणून यू = −३०. मग १/व्ही = १/२० − १/३० = १/६०, व्ही = +६० सेमी. विशालन ६० भागिले −३०, म्हणजे −२. प्रतिमा उलटी, १० सेमी उंचीची. आणि एक गोष्ट इथेच लक्षात यायला हवी होती: समोर ठेवलेल्या वस्तूची सुलटी आणि लहान प्रतिमा बहिर्वक्र भिंग कधी देतच नाही. उत्तर शक्य तरी आहे का, हा प्रश्न यंत्राआधी स्वतःला विचारायचा असतो.

सुटलं की लगेच पुढचं: ‘भिंग तेच ठेव, फक्त वस्तूचं अंतर बदलून आणखी तीन गणितं दे. उत्तरं देऊ नकोस.’ वस्तू १० सेमीवर आली तर व्ही −२० येतं आणि विशालन +२. आधीही प्रतिमा दुप्पट होती, आताही दुप्पट आहे, पण आधी उलटी होती आणि आता सुलटी, वस्तूच्याच बाजूला. ही जोडी हाताने सोडवली की ऋण-धन चिन्हांचा संकेत पाठ करावा लागत नाही. आता खोच अशी की यंत्राने बनवलेलं गणित कधी कधी पेचात टाकतं. त्याने वस्तू नेमकी २० सेमीवर ठेवली तर १/व्ही शून्य येतं आणि मूल घाबरतं. प्रतिमा अनंत अंतरावर जाते, हे पुस्तकात आहे. विचित्र आकडा आला की आधी पुस्तक उघडायचं.

एमएचटी-सीईटीच्या पीसीएम गटाला (भौतिक, रसायन, गणित) १५० बहुपर्यायी प्रश्न असतात आणि नकारात्मक गुण नसतात. तिथे यंत्राकडून प्रश्नसंच मागण्याचा मोह मोठा. पण त्याने बनवलेल्या प्रश्नांत बरोबर पर्याय बहुधा सर्वांत लांबलचक असतो आणि बाकीचे तीन पोकळ. ‘प्रत्येक चुकीचा पर्याय विद्यार्थ्यांच्या नेहमीच्या एखाद्या चुकीतून आलेला असू दे’ असं सांगितलं की वरच्या गणितात १२ सेमी हा पर्याय येतो, आणि तोच खरा सापळा आहे.

मराठी माध्यम, सेमी-इंग्रजी आणि ‘क्षार’चा गोंधळ

‘आमची मुलं मराठीत शिकतात, त्यांना हे काय उपयोगाचं?’ ही शंका पूर्वी जास्त खरी होती. मे २०२४ मध्ये ओपनएआयने जीपीटी-४ओ हे नवं मॉडेल आणताना एका वाक्याचं उदाहरण दिलं होतं. मराठीत त्याचे आधी ९६ टोकन व्हायचे, ते ३३ झाले. इंग्रजीत तेच २७ वरून २४. मराठी अजूनही थोडी महाग पडते, पण तिप्पट-चौपट नाही.

खरी अडचण वेगळीच आहे: यंत्राची मराठी मधूनच हिंदीकडे झुकते. आपल्या पुस्तकात आम्ल आणि आम्लारी यांची अभिक्रिया झाली की क्षार आणि पाणी मिळतं. हिंदीत मात्र आम्लाच्या विरुद्ध पदार्थाला क्षार किंवा क्षारक म्हणतात आणि आपल्या क्षाराला लवण. यंत्राने एका वाक्यात मराठी क्षार आणि पुढच्यात हिंदी क्षार वापरला तर उदासिनीकरणाचा पार चिवडा होतो. नाभीय अंतराऐवजी ‘फोकस दूरी’ आली तर निदान खटकतं तरी. ‘क्षार’ खटकत नाही, म्हणून जास्त धोक्याचा. उपाय सोपा आहे: धड्यातले दहा-बारा पारिभाषिक शब्द आधीच लिहून द्यायचे आणि ‘हेच शब्द वापर, हिंदी पर्याय नको’ असं बजावायचं. सेमीवाल्यांनी याच यादीत समोर इंग्रजी शब्दही लिहावा. संकल्पना मराठीत समजून घ्यावी आणि उत्तर इंग्रजीत लिहून तपासून घ्यावं. हा एआयचा सर्वांत सरळ फायदा आहे, आणि त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही.

बालभारतीची पुस्तकं पीडीएफ स्वरूपात मोफत मिळतात. पण देताना अख्खं पुस्तक देऊ नका, एकच धडा द्या. आणि आधी दोन ओळी कॉपी करून फोनच्या नोट्समध्ये चिकटवून पाहा. जुन्या फाँटमधलं मराठी असेल तर भलतीच अक्षरं उमटतात. यंत्रालाही तोच चिखल मिळण्याची भीती असते, आणि बऱ्याचदा ते तक्रार न करता त्यातून अर्थ ‘काढतं’. अशा वेळी पानाचा सरळ, उजेडातला फोटो बरा. हस्ताक्षराचा फोटो दिला असेल तर तपासणीआधी ‘तुला काय वाचता आलं ते जसंच्या तसं लिही’ असं सांगायचं. जोडाक्षरं आणि देवनागरी १ व ९ यांत ते चुकतं.

गूगलचं नोटबुकएलएम या कामाला विशेष सोयीचं आहे. आपण दिलेल्या कागदपत्रांतूनच ते उत्तर देतं आणि प्रत्येक विधानापुढे क्रमांक टाकतं. त्यावर टिचकी मारली की मूळ ओळ दिसते. थापा कमी होतात, पण संपत नाहीत. टिचकी मारायचा आळस केला तर काहीच उपयोग नाही.

‘बरोबर आहे ना?’ असं विचारू नका

या यंत्रांना होयबापणाची खोड आहे. ‘माझं उत्तर बरोबर आहे ना?’ म्हटलं की ‘हो, छान लिहिलंय!’ आलंच. निबंध दिला की दहापैकी आठ, कुणीही लिहिलेला असो. गुण मागायचेच असतील तर गुणदान लिहून द्यावं: सूत्राला एक, किंमती घालायला एक, एककासह उत्तराला एक. ‘एकक नसेल तर शेवटचा गुण देऊ नकोस. गुण कापल्याचं कारण एका ओळीत लिही.’ भाषेच्या उत्तराला ‘यातली सर्वांत कच्ची दोन वाक्यं दाखव, पण सुधारून देऊ नकोस’ हे पुरतं. सुधारलेलं वाक्य आपलं राहत नाही, आणि तपासनिसाला ते पाचव्या ओळीतच कळतं.

उलटी परीक्षाही घेऊन बघा. यंत्राने बरोबर उत्तर दिलं की ठामपणे म्हणा, ‘नाही, हे चूक आहे.’ कितीदा तरी ते माफी मागून बरोबरचं चूक करतं. एकदा हे डोळ्यांनी पाहिलं की त्याच्यावरचा आंधळा विश्वास आपसूक उतरतो.

‘एवढा वेळ कुणाकडे आहे?’

खरं आहे, पहिल्या आठवड्यात हे संथ वाटतं. तयार उत्तर वाचायला दोन मिनिटं लागतात, स्वतः शोधायला पंधरा. पण दोन मिनिटांत वाचलेलं आठवड्याने पुन्हा वाचावं लागतं आणि त्यानंतर पुन्हा. सगळ्या विषयांना हा तासाचा सोपस्कार नकोच. भूगोलातल्या ज्या तक्त्यावर आपण अडत नाही, तिथे एआय उघडायचं कारण नाही. जिथे मार्क जातात तेवढेच धडे घ्या.

वेळ खरा वाचतो तो चुकांच्या वहीमुळे. दोनशे पानी वही, चार रकाने: तारीख, प्रश्न, मी काय लिहिलं, का चुकलं. चौथ्या रकान्यात ‘घाई’ लिहायला बंदी. संकल्पना, आकडेमोड, एकक की प्रश्न नीट वाचला नाही, यांपैकी नेमकं एक. नोंद केलेला प्रश्न दुसऱ्या, सातव्या आणि एकविसाव्या दिवशी पुन्हा, शब्द आणि आकडे बदलून. ही बदलाबदल यंत्राने करावी, इथे ते शिक्षकाला हेवा वाटावा इतकं तरबेज आहे. चॅट संपली की यंत्राला आपल्या चुका आठवतीलच असं नाही. वहीला आठवतात.

‘मग शिक्षक, क्लास कशाला?’

मूल गप्प बसलं की शिक्षकांना कळतं, यंत्राला कळत नाही. विचारलेल्या प्रश्नाचंच उत्तर ते देतं, आणि ज्याला काहीच समजलेलं नाही त्याला विचारायचं काय तेही सुचत नाही. प्रयोगशाळेतली जोडणी, भूमितीची रचना, आकृतीतली प्रमाणबद्धता यांत त्याचा भरवसा धरू नये. आकृती काढून मागितली तर किरण भिंगातून भलतीकडे वळलेले दिसतात. मात्र रात्री साडेदहाला तिसऱ्यांदा तीच शंका विचारायला मुलांना शिक्षकांसमोर लाज वाटते, यंत्रासमोर वाटत नाही. त्याची खरी जागा तिथे आहे.

‘प्रोजेक्ट लिहून घेतला तर?’

ती कॉपीच. वाद फक्त पकडण्याचा आहे. ‘हे एआयने लिहिलं का’ हे ओळखणारी साधनं विश्वासाची नाहीत. ओपनएआयने स्वतःचं असं साधन कमी अचूकतेमुळे जुलै २०२३ मध्ये मागे घेतलं. म्हणून शिक्षकांना दोन मिनिटांची तोंडी परीक्षा हाच सोपा उपाय उरतो. पानातला कुठलाही एक शब्द उचलायचा आणि विचारायचं, ‘म्हणजे काय?’

पालकांसाठी एवढंच: आधार, गुणपत्रिका, शाळेचं नाव आणि फोटो असलेले कागद यात टाकू देऊ नका. उत्तरपत्रिकेचा फोटो द्यायचा असेल तर वरची नावाची पट्टी दुमडून घ्यावी. फोनपेक्षा घरातला सामायिक लॅपटॉप असेल तर उत्तम, कारण एआयच्या शेजारच्या चौकोनात रील असतात आणि हात आधी तिकडे जातो.

परीक्षेला तीन आठवडे उरले की यंत्राचं काम जवळजवळ संपवावं. विज्ञान भाग १ ला ४० गुण आणि दोन तास. घड्याळ लावून, कागदावर, अख्खी प्रश्नपत्रिका. फोन त्या वेळी घराच्या दुसऱ्या टोकाला चार्जिंगला.